आईचं दुखणं आणि चारचौघांतली पोस्ट

आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी तिचा खाटेवरचा फोटो काढला आणि ‘वहिनींसाठी प्रार्थना करा’ असं लिहून फेसबुकवर टाकला. हेतू चांगलाच होता. पण उशाशी ठेवलेली फाइलही फोटोत आली होती. फोटो दोन बोटांनी मोठा केला की फाइलवरच्या स्टिकरवर आईचं पूर्ण नाव, वय, वॉर्ड आणि माझा मोबाइल नंबर स्वच्छ वाचता येत होता. संध्याकाळी मला फोन आला. ‘बिलिंगमधून बोलतोय, उद्याचं ऑपरेशन आहे ना? डिपॉझिट कमी पडतंय, लिंक पाठवतो.’ आईचं नाव बरोबर, वॉर्ड बरोबर. मी तेव्हा बिलिंगच्या खिडकीसमोरच उभी होते, म्हणून पैसे वाचले.

आईला पैशांचं काही वाटलं नाही. गर्भाशय काढणार आहेत हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं आणि आता सगळी सोसायटी चौकशी करत होती. ‘माझं दुखणं कुणाला सांगायचं, हे मी ठरवायचं की नाही?’ एवढंच ती म्हणाली.

स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहूच नये, असं मी म्हणणार नाही. ‘बलुतं’ किंवा ‘आहे मनोहर तरी’ लिहिलं गेलं नसतं तर आपण कितीतरी गरीब राहिलो असतो. पण पुस्तक छापून येईपर्यंत मध्ये संपादक असतो, मुद्रितं असतात, पुन्हा विचार करायला वेळ असतो. मोबाइलवर लिहिताना मध्ये कुणीच नसतं, आणि नंतर पोस्ट काढून टाकली तरी कुणीतरी घेतलेला स्क्रीनशॉट फिरतच राहतो. म्हणून संपादकाचं ते काम आपणच करायचं.

ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. ‘तुझ्याबद्दल चांगलंच लिहिलंय’ हे सांगणं म्हणजे परवानगी नव्हे. आजार, घटस्फोट, कर्ज, मुलीचं मोडलेलं लग्न, या गोष्टी ज्याच्या त्याच्या. लहान मुलं नकार देऊ शकत नाहीत, त्यामुळे तिथे जास्तच जपायला हवं. मुलाचा गणवेशातला फोटो टाकला की शाळेचा बिल्ला दिसतो, मागे स्कूलबसचा नंबर दिसतो. फोटो टाकण्याआधी कडेने, मागे काय आलंय ते मोठं करून बघा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा. ते चालू असेल तर फोटो कुठे काढला ही नोंद फाइलमध्ये राहते आणि मूळ फाइल कुणाला पाठवली की ती नोंदही सोबत जाते. गावाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाकले तरी आनंद कमी होत नाही.

रागात लिहिण्याबद्दल मात्र थोडं जास्त सांगायला हवं. सासरच्यांवर, शेजाऱ्यावर, साहेबांवर लिहिताना ‘मी खरं तेच लिहिलंय’ असा आपला दावा असतो. आपल्या फौजदारी कायद्यात बदनामीच्या खटल्यात नुसतं खरं असणं पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव गाळलं, पण ‘आमच्या मजल्यावरच्या शिक्षिका’ असं लिहिलं, तर ओळखणारे ओळखतातच. रात्री लिहिलेलं सकाळपर्यंत तसंच ठेवा. अन्याय झाला असेल तर जरूर लिहा, पण घटना, तारीख आणि कागद हाताशी घेऊन लिहा. माणसाच्या रूपावर, जातीवर, घरच्यांवर घसरू नका.

आणि मला आला तसा फोन तुम्हाला आला व पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.