डेंग्यूच्या तापात वेदनाशामक गोळी

प्रश्न : डेंग्यूत अंगदुखीवर नेहमीची गोळी चालते का?

उत्तर : पॅरासिटामॉल चालते, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन टाळावे. डेंग्यूत प्लेटलेट घटतात. ही औषधे उरलेल्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि जठराचे अस्तरही दुखावतात. त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. खरी गफलत जोडगोळ्यांची. अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत यांपैकीच एखादे औषध असते, आणि मेडिकलमध्ये पट्टी कापून दिलेल्या गोळीवर नाव अर्धेच उरते. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असल्यास निर्णय डॉक्टरांचा. प्रौढांनी पॅरासिटामॉल दिवसात ४ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये (सर्दीच्या गोळीतलेही त्यातच मोजावे). यकृताच्या रुग्णांसाठी मर्यादा कमी. ताप उतरताना पोट दुखले, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.