ट्रॅक्टरची बॅटरी कां उतरते?

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धानाच्या रोवणीचे दिवस मोजके असतात. अशा वेळीं चिखलणीस निघालेला ट्रॅक्टर सेल्फ घेत नाहीं. मालक घाईनें नवी बॅटरी आणतो आणि आठ दिवसांत तीही उतरते, असें आम्ही वारंवार पाहतों. बॅटरी ही विजेची कणगी व अल्टरनेटर हा तींत भर घालणारा होय. कणगी रिती दिसली म्हणून ती फुटकी समजूं नये. भर पडते कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

प्रथम इंजिन बंद ठेवून पाहणी करावी. टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमला असल्यास आधीं ऋण व मग धन तार सोडावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें टोकें धुऊन कोरडीं करावीं. तारा जोडतांना धन आधीं जोडून दोन्ही घट्ट आवळाव्या. पट्टा सैल असल्यास तो घसरतो व अल्टरनेटर पुरेसा फिरत नाहीं. तो ताणून घ्यावा.

नंतर मीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या आसपास दिसल्यास ती जवळजवळ रिती होय. मग इंजिन मध्यम गतीनें चालवावें. आंकडा १३.८ ते १४.५ झाल्यास भर नीट पडत आहे. तरीही बॅटरी टिकत नसेल तर दोष तिच्यांत आहे, किंवा गाडी उभी असतां कोठें तरी वीज झिरपते आहे. आंकडा चढतच नसेल तर अल्टरनेटर, रेग्युलेटर व त्यांच्या तारा तपासवाव्या. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला असें समजावें. त्यानें बॅटरीचें पाणी आटतें.

चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत डायनामोच्या काळची आहे. तिनें अल्टरनेटरांतील डायोड जळतात. ती सर्वथा टाळावी.

आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो व बॅटरीचें पाणी लवकर उडतें. झांकणें उघडणाऱ्या बॅटरींत प्लेटी बुडतील इतकें डिस्टिल्ड वॉटरच घालावें, विहिरीचें नव्हे. आणि त्या वेळीं जवळ विडी पेटवूं नये.

पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडाची वाट बंद होते. मग मिस्त्री येणार कोठून? म्हणून ही परीक्षा मृग लागण्यापूर्वींच उरकावी, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.