पाकिटाचा पेपर: उजळणी कशी करायची?



लेबल आणि पॅकिंगच्या प्रशिक्षणाची लेखी परीक्षा जवळ आली तसे मला फोन सुरू झाले. "म्याडम, आता या वयात पेपर कायले वो?" "पापड लाटाले सांगा, लिव्हाले नका सांगू." हसू येतं, पण भीती खरी आहे. एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री मलाही जेवण गेलं नव्हतं.

पेपर कशाला, ते आधी सांगते. मागच्या दिवाळीत आपल्या एका गटानं ज्वारीच्या खारोड्यांची ६० पाकिटं अकोटच्या एका दुकानात ठेवली. पाकीट २०० ग्रॅमचं, किंमत ६० रुपये. आठवड्यानं सगळीच्या सगळी परत आली. दुकानदार म्हणाले, "माल एक नंबर आहे, पण लेबलवर तारीख नाही, बॅच नाही, सगळं फक्त मराठीत. उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू?" ३,६०० रुपयांचा माल शेवटी बाजारात सुटा करून कमी भावात विकावा लागला. लेबल दिसायला छान होतं. कडेला फुलं, मधोमध सूप आणि बाई. छापायला जायच्या आधी ते मीच पाहिलं होतं आणि "मस्त झालंय" म्हटलं होतं. तेव्हा ही उजळणी माझीही आहे.

त्याच गटातल्या एका ताईंची मुलगी नववीत आहे. शासनाच्या रेखाकला परीक्षेतली इंटरमिजिएट देते आहे. ही परीक्षा महाराष्ट्राचं कला संचालनालय घेतं. तिच्यात चित्रांसोबत संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखनही असतं. मी घरी गेले तेव्हा ती चौकटी आखून अक्षरं काढत होती. आपलं लेबल हातात घेऊन म्हणाली, "यात अक्षरांचे पाच प्रकार आहेत. आमचे सर दोनच्या वर चालू देत नाहीत." तेव्हापासून माय-लेकी संध्याकाळी एकाच सतरंजीवर बसून अभ्यास करतात. तुमच्या घरी आठवी-नववीची पोरगी किंवा पोरगा असेल, तर तुम्हीही असंच करा. शिकवणी फुकट होते आणि पोरांनाही बरं वाटतं की आईला आपल्याला विचारावं लागतं.

आता अभ्यास. चित्राचा विचार आधी करू नका. लेबलवर काही गोष्टी सक्तीच्या असतात. त्यातली एक जरी राहिली, तरी बाकीचं कितीही सुंदर असलं तरी माल परत येतो. पाठांतराची सोपी युक्ती सांगते. दुकानातून आणलेलं कोणतंही मसाल्याचं किंवा शेवयांचं पाकीट घ्या, दोन मिनिटं नीट वाचा, मग पालथं ठेवून त्यावर काय काय होतं ते वहीत लिहा. मग उलटून ताडून पाहा. जे सुटलं, तेच परीक्षेत सुटणार असतं. दुसऱ्या दिवशी दुसरं पाकीट घ्या. नुसतं दहादा वाचून हे डोक्यात राहत नाही, आठवून लिहिलं की राहतं.

वहीत हे यायला हवं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक, आणि शाकाहाराची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. गव्हाच्या शेवया किंवा शेंगदाण्याची चटणी असेल तर ॲलर्जीची सूचनाही लागते. पोषणमूल्यांचा तक्ता जिथे लागतो तिथे प्रयोगशाळेतून करून घ्यायचा, शेजारच्या पाकिटावरून उतरवायचा नाही. (हे मी पाहिलेलं आहे. मुगवड्यांच्या पाकिटावर बिस्किटाचे आकडे होते.)

भाषेत आपण सगळ्याच अडकलो होतो. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी जोडीला चालते, एकटी नाही. मलाही हे आधी पटलं नव्हतं. आपल्याच गावात विकायचं आणि आपलीच भाषा पुरत नाही? पण नियम तसा आहे. तेव्हा 'खारोड्या' मोठ्या मराठी अक्षरांत दिमाखात लिहा, आणि माहितीची चौकट इंग्रजीत किंवा हिंदीत करा.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. समजा, ज्वारी १ किलो, तीळ १०० ग्रॅम, लसूण ५० ग्रॅम, तिखट ३० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम. तर याच क्रमानं लिहा. तीळ महाग आहेत म्हणून पहिल्या नंबरावर येत नाहीत.

वजन म्हणजे फक्त मालाचं वजन, पन्नीचं धरायचं नाही. 'अंदाजे २०० ग्रॅम' असं लिहिणं चालत नाही. इंग्रजीत लिहिताना ग्रॅमसाठी 'जी' हे एकच छोटं अक्षर, 'जीएम' किंवा 'जीएमएस' नाही. आणि एक हिशेब पेपरात येणारच, तो एका ग्रॅमच्या किमतीचा. ६० रुपयांना २०० ग्रॅम, म्हणजे ६० भागिले २००, ०.३० रुपये प्रति ग्रॅम. माल १ किलोपेक्षा कमी असेल तर प्रति ग्रॅम, जास्त असेल तर प्रति किलो. बचतीचं व्याज काढणाऱ्या बायकांना हे अवघड नाही.

तारखेवरून आठवलं. आपल्या तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर महाकाली दरवाजा आहे, १४८७ च्या सुमाराचा. सहलीला गेला असाल तर त्यावरची कोरीव अक्षरं पाहिली असतील. पाचशे वर्षांपूर्वीच्या दगडावर सन आहे, अन् आपल्या दिवाळीच्या पाकिटावर नव्हता!

आता पोरीच्या वहीतला भाग. पदार्थाचं नाव सगळ्यात मोठं, मग वजन, मग गटाचं नाव. अक्षरांचे प्रकार दोनच. रंगही दोन-तीन पुरतात. अकोटच्या सतरंज्या नावाजलेल्या, तिथे मोजक्या रंगांचे पट्टेच लांबून डोळ्यात भरतात. तसा एखादा पट्टा लेबलच्या कडेला घेतला तर फुलांपेक्षा आपला वाटेल. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं नकोत, दिसत नाहीत. आणि मराठी अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, खाली उकार असतात. दोन ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. संगणकावर लेबल करणाऱ्या मुलाला ओळींत जागा सोडायला सांगा. तपासायचं कसं? लेबलची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, भिंतीला लावा, पाच पावलं मागे जा. नाव वाचता आलं तर पास.

खोक्याच्या घडीचा प्रश्न आला तर घाबरू नका. टूथपेस्टचा रिकामा खोका डिंकाच्या जागी हळूच उकला आणि सपाट पसरा. कोणती बाजू समोर येते, कोणती आत दुमडते, ते पेन्सिलनं लिहा आणि पुन्हा घडी घाला. भूमितीत पोरी कागदावर जे काढतात, ते तुम्हाला हातानंच कळेल.

पॅकिंगचं तर तुम्हालाच जास्त ठाऊक आहे. खारोड्या, पापड ओल धरतात. पातळ पन्नी आणि स्टेपलरची पिन नको, जाड पाऊच आणि सीलिंग मशीन. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, कारण शाई अन्नाला लागते. माल किती टिकतो ते पाहायला पाच पाकिटं सील करून फळीवर ठेवा, महिन्याला एक फोडा. पूर्ण सुकलेलं नसताना भरलं तर दुसऱ्याच महिन्यात वास सांगतो.

परीक्षेला येताना पट्टी, पेन्सिल आणि घरातलं एक रिकामं पाकीट आणा. आणि चष्मा विसरू नका. मागच्या वेळी तिघींनी एकच चष्मा फिरवला आणि शेवटचा प्रश्न तिघींचाही राहिला.