ती गोळी मी सांगितलीच नाही

तंजावरला मी आले ती सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं वाचायला. त्यामुळे खोकला सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी, मीसुद्धा, जुन्या कागदांच्या धुळीला दोष दिला. मास्क लावून बसू लागले, खोकल्याची औषधं झाली, क्षयासाठी थुंकी तपासून झाली. काही निघालं नाही. खोकला कोरडाच. मग एके दिवशी घराचा जिना चढताना मधेच पायरीवर बसावं लागलं.

छातीच्या डॉक्टरबाई पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. चपलेचा वेल्क्रोचा पट्टा सावकाश उकलावा तसा आवाज फुप्फुसांच्या तळाशी येत होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. बोटाला ऑक्सिमीटर लावून मला व्हरांड्यात चालवलं. बसून ९६, चालून ८८. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला जाळं दिसलं. ‘‘अम्मा, घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या उद्या पिशवीत घालून आणा,’’ त्या म्हणाल्या.

रक्तदाबाची, थायरॉइडची, आणि तळाशी नायट्रोफ्युरँटॉइन. वारंवार युरिन इन्फेक्शन होई, म्हणून दीड वर्षापूर्वी गावी असताना सुरू झालेली, रोज रात्री एक. आधी दोन ठिकाणी ‘आणखी काही औषध चालू आहे का’ असं विचारलं होतं आणि मी ‘नाही’ म्हणाले होते. खोकला दाखवायला गेल्यावर लघवीची गोळी आठवतच नाही.

१९५३ पासून वापरात असलेलं हे अँटिबायोटिक चांगलं आहे, चार-सात दिवसांच्या कोर्सला घाबरायचं कारण नाही. पण क्वचित कुणाच्या फुप्फुसांना त्याने सूज येते. काहींना थोड्याच दिवसांत ताप, कोरडा खोकला, धाप. माझ्यासारखीला सहा महिने, वर्ष उलटल्यावर, इतक्या हळू की वय झालं असं वाटतं. वेळीच गोळी बंद केली तर बहुतेकदा फुप्फुसं सावरतात. उशीर झाला तर व्रण राहतात. माझी गोळी त्याच दिवशी थांबली, काही आठवडे स्टेरॉइड घ्यावं लागलं. खोकला गेला. जिना अजून दोन दमांत चढते.

बायांनो, ही गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर परस्पर बंद करू नका, पण किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मूत्रपिंड, यकृत आणि श्वासाची तपासणी मधूनमधून हवी, तिच्याबद्दलही विचारा. नवा खोकला किंवा धाप लागली तर थांबू नका, त्याच दिवशी गोळीचं नाव सांगून दाखवा. औषधाचा त्रास १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर रुग्णालाही कळवता येतो, मी कळवला.

इथे ग्रंथालयात तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह जपलेल्या आहेत. त्या पाहिल्यावर मीही माझा कागद केला. पाकिटात असतो, मराठीत आणि तमिळमध्ये: ‘नायट्रोफ्युरँटॉइन देऊ नये. फुप्फुसांना सूज आली होती.’