पोलिसांच्या हाती जीवरक्षक औषध

अफू, मॉर्फीन, गर्द म्हणजेच हेरॉईन आणि फेन्टानिल ही सारी एकाच कुळातील द्रव्ये. प्रमाण जास्त झाले की मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते, श्वास थांबतो आणि प्राणवायूअभावी ४-५ मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. इतक्या लवकर आम्ही डॉक्टर पोहोचत नाही. गस्तीवरचा पोलीस मात्र पुष्कळदा पोहोचतो.

हे ओळखून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी शहराने २०१० मध्ये गस्तीच्या पोलिसांना नॅलॉक्सोन हे औषध नाकात फवारण्याचे शिक्षण दिले व ते जवळ बाळगणे सक्तीचे केले. पुढे अनेक शहरांनी हा कित्ता गिरवला.

शिक्षण अवघड नाही. रुग्ण हाकेला ओ देत नाही, श्वास अगदी मंद किंवा घुरघुरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ही लक्षणे ओळखायची. मुठीच्या सांध्यांनी छातीचे हाड चोळूनही हालचाल नसेल तर रुग्णवाहिका बोलवायची, औषध फवारायचे व कृत्रिम श्वास द्यायचा. २-३ मिनिटांत फरक न पडल्यास दुसरी मात्रा द्यायची.

नॅलॉक्सोन अफूवर्गीय द्रव्याला मेंदूतील त्याच्या जागेवरून हुसकावते. निदान चुकले तरी सहसा अपाय नाही. मात्र त्याचा असर ३० ते ९० मिनिटेच टिकतो. म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात नेलेच पाहिजे. जागा होताना तो चिडतो, उलट्या करतो. पोलिसाने तो हल्ला समजू नये.

‘व्यसनी माणसाला वाचवून उपयोग काय?’ असे काहीजण विचारतात. मी म्हणतो, मेलेल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात नेता येत नाही. पकडले जाण्याच्या भीतीने सोबती पळून जाऊ नयेत, म्हणून मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये मदत मागणाऱ्याला अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यापासून कायद्याने संरक्षणही दिले.

वाचकहो, आपल्या घरातही कर्करोगाच्या रुग्णासाठी मॉर्फीन किंवा वेदनेसाठी ट्रामाडोल असू शकते. त्यावर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणे घातक आहे. अशी लक्षणे दिसल्यास कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर रुग्णाला कुशीवर वळवा, थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्या. काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगा. लाजेपेक्षा जीव मोठा.