परमार्थात खेळाला जागा आहे काय?

गेल्या एकादशीस कीर्तन आटोपल्यावर एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस गाठले. मुलाच्या हाती मोबाईल आला, त्यावर पैशांचा खेळ आला, आणि बियाण्यासाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली. तेव्हापासून घरात नियमच झाला, की खेळ म्हणून नाही. विटीदांडू नाही, कबड्डी नाही. शाळा सुटली की घर, आणि रात्री हरिपाठ. "नरदेह काय खेळायला मिळालाय का महाराज?" असा त्यांचा सवाल. प्रश्न कळवळ्याचा आहे, म्हणून येथे त्याचा विचार करू.

खेळाने वेळ जातो, मन चळते, हे आक्षेप काही खोटे नाहीत. पण मग श्रीतुकोबारायांच्या गाथेत फुगडी, टिपरी, चेंडूफळी, विटीदांडू यांवर अभंग कसे? श्रीनाथमहाराजांनी पिंगा, फुगडी भारुडात का आणली? खेळ टाकाऊ असता, तर ब्रह्मविद्या सांगावयास संतांनी त्याचाच दृष्टांत घेतला नसता.

आता श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील १८ वा अध्याय पाहा. उन्हाळ्याचे दिवस. वृंदावनात गोपाळांनी दोन तट केले. एकाचा पुढारी श्रीकृष्ण, दुसऱ्याचा बळिराम. अट अशी की, हरणाऱ्याने जिंकणाऱ्यास पाठीवर घेऊन चालावयाचे. आणि हरला कोणाचा तट? श्रीकृष्णाचा! ज्याने विश्व पेलले त्याने तेथे आपले ऐश्वर्य दाखविले नाही, डाव पुन्हा मांडा असेही म्हटले नाही. श्रीदाम्यास पाठीवर घेतले आणि चालू लागला.

त्याच खेळात प्रलंबासुर गोपाळाचे सोंग घेऊन शिरला होता. तोही हरला, त्यानेही बळिरामास पाठीवर घेतले. येथवर देव आणि दैत्य यांचे वागणे सारखेच दिसते! फरक पडतो तो पुढे. जेथे उतरवावयाचे ती खूण ओलांडून प्रलंब तसाच धावत सुटला. शेवटी बळिरामाच्या एका मुठीने त्याचा अंत झाला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे.

आमच्या मते खेळाची सारी नीती या दोन पाठींत आहे. हरलो तर समोरच्यास पाठीवर घ्यावयाचे, आणि खूण आली की थांबावयाचे. हे पोथी वाचून कळते खरे, पण अंगी लागते ते अंगणात. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो. आपल्या गड्यांनी समोरचा मारला, तेव्हाच तो पुन्हा आत येतो. दुसऱ्याच्या कष्टाने आपण जिवंत होतो, हे बारा वर्षांच्या पोराला यापेक्षा सोपे करून कोण सांगणार?

मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात उतरण्याची खूणच नाही. हरलेला म्हणतो, अजून एक डाव. जिंकलेलाही तेच म्हणतो. समोर श्रीदामा आहे की कोण, तेही दिसत नाही. सन २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्याचे काम कायदा करील. पण ज्या पोराला थांबण्याची सवय नाही, त्याचे मैदानही काढून घेतले, तर ती सवय त्याला लागावी कोठे? (देवळाच्या ओट्यावर पैसे लावून पत्ते कुटणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी तर या बाबतीत फार बोलूच नये.)

आणि वारीत आपण काय करतो? पाच-सहा कोस चालून पाय सुजलेले, तरी अश्व धावला की टाळकरी उड्या घेतात, फुगड्या रंगतात. फुगडीत तर कोणी हरतच नाही. दोघांनी सारखे मागे रेलावे लागते. एकाने हात सोडला की दोघेही पडतात. सासू-सून, जमीनदार आणि त्याचा सालगडी, कोणीही कोणाशी फेर धरतो, आणि फेर संपला की एकमेकांच्या पायी लागतात.

त्या गृहस्थांस आम्ही सांगितले, मोबाईलचा खेळ बंद केलात ते बरेच केलेत. पण संध्याकाळी तासभर त्याला मैदानावर सोडा, दिवेलागणीला घरी. हातपाय धुऊन घामेजला तसा हरिपाठाला बसू द्या. येत्या आषाढीस दिंडीत आणा, आणि वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण झाले की त्याच्याशी फुगडी तुम्हीच घाला.

"माझे गुडघे दुखतात हो," ते म्हणाले.

मग हळू घाला, असे आम्ही म्हटले.