भाकरी कमी करा, पण आधी गोळीचं नाव वाचा



मधुमेह निघाला की गावात सल्ले फुकट मिळतात. कोणी म्हणतो भात सोड, कोणी म्हणतो भाकरीच बंद कर, महिन्यात साखर उतरते की नाही बघ. यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. भात, भाकरी, चपाती, साबुदाणा, बटाटा या पिष्टमय पदार्थांचीच पोटात साखर होते, आणि ते कमी केले म्हणजे रक्तातली साखर उतरते हे खरेच आहे. मात्र ज्याची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्याने जेवण एकदम तोडले तर साखर नुसती उतरत नाही, ती कोसळते.

याचे कारण साधे आहे. डॉक्टरांनी डोस ठरवला तो तुमचे नेहमीचे जेवण धरून. विहिरीतले पाणी निम्म्यावर आले आणि मोटार तेवढीच चालू ठेवली तर काय होते, हे आपणा शेतकऱ्यांना सांगायला नको.

म्हणून पहिले काम म्हणजे गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचणे. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी नाव असेल तर सावध. या गोळ्या तुम्ही जेवा अगर न जेवा, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा अशी कोसळत नाही. पण हल्ली एका गोळीत दोन-तीन औषधे असतात, तेव्हा पहिले नाव वाचून थांबू नका.

समजा, सकाळी गोळी घेतली, ‘पथ्य’ म्हणून दुपारची भाकरी सोडली, संध्याकाळी नुसत्या ताकावर भागवले आणि रात्री लाईट आली म्हणून उसाला पाणी पाजायला गेलो. अंगमेहनतही साखर खाली आणते. मग हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, गडी पिऊन आलाय! अशा गैरसमजात मोलाचा वेळ जातो. घरच्यांनी आणि शेजारच्या वस्तीवरच्यांनीही ही लक्षणे माहीत करून घ्यावीत.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, किंवा मशीन जवळ नाही पण लक्षणे दिसताहेत, तर वाट बघू नये. चहाचे तीन-चार चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात ढवळून प्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. बरे वाटल्यावर भाकरी, दूध असे काही खावे. ज्या साखरेच्या पोत्यावर आपला कारखाना उभा आहे, तीच इथे औषध! तिची पुडी रानात जाताना खिशात असावी. पण गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर आपली साखर पोटात लवकर फुटत नाही. अशांनी औषधाच्या दुकानातली ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. वर सांगितलेल्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे एकदा शुद्धीवर आला म्हणून घरी परत आणू नये.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना पिष्टमय अगदी तोडले किंवा कडक उपास केले, तर रक्तात आम्ल साठू शकते, आणि मशीनवर साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना. नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावे.

मग कमी करायचे कसे? डॉक्टरांना आधी सांगून, टप्प्याटप्प्याने. गोळी किती आणि कधी उतरवायची हे त्यांनी ठरवायचे. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, इन्सुलिन तर मुळीच नाही. सुरुवात चहापासून करा. दिवसाचे सहा कप आणि कपाला दोन चमचे म्हटले तरी बारा चमचे होतात. गूळही त्यातच आला. गुऱ्हाळावरचा गूळ साखरेपेक्षा ‘चालतो’ हा भ्रम आहे. त्यानंतर भाताची दुसरी वाढ, मग एक भाकरी. ज्वारी की गहू या वादात फार पडू नका. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्टमय भाग सुमारे ६८ ग्रॅम, कणकेत ६४, तांदळात ७८. फरक आहे तो चोथ्याचा, आणि त्यात तांदूळ फारच मागे. कमी केलेल्या भाकरीची जागा पालेभाजी, मटकीची उसळ, अंडी, ताक यांनी भरा, नुसते उपाशी राहू नका. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डाळी-अंडी वाढवण्याआधी विचारावे. गरोदर बाईने हा प्रयोग घरच्या घरी करू नये.

या दिवसांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ठेवा, आणि त्या दिवशी काम किती केले तेही लिहा. लागणीच्या दिवसांतले अंग आणि घरी बसल्या दिवसाचे अंग सारखे नसते. डॉक्टरांना डोस ठरवताना ती वही कामाला येते.

साखर उतरू लागली की काही आठवडे नजर थोडी पुसट वाटू शकते. लगेच नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. मात्र डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा पडदा आला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला उशीर नको.